साळूची साद

फार वर्षांपूर्वी, सातकड्याच्या वाडीत अजून एकाही घरावर कौलं नव्हती आणि सगळी घरं गवताने शाकारलेली असायची, तेव्हाची ही गोष्ट. वाडी तेव्हाही इथेच होती, सात कड्यांच्या ओंजळीत. कोंबड्याही अशाच होत्या. एकाच्या परसात उकरायच्या, दुसऱ्याच्या वाळवणात चोच घालायच्या आणि अंडं तिसऱ्याच्या गवतात लपवायच्या.

वाडीतलं सगळ्यात वरचं घर कोंडाबाईचं. घरात ती, तिचा मुलगा धाकू, दोन बैल, सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. हा कोंबडा कोंडाबाई उठल्याशिवाय आरवायचा नाही, असं म्हणतात.

धाकूला बायको आणली घाटावरची. साळू तिचं नाव. ती फार बोलायची नाही. वाडीतल्या बायकांना आधी वाटलं, मुकी आहे. मग वाटलं, शिष्ट आहे. तिसऱ्या महिन्यात तिच्याबद्दल काही वाटून घ्यायचंच त्यांनी सोडून दिलं. माहेराहून येताना साळूने डालग्यातून एक कोंबडी आणली होती, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. तिला सगळे कवडी म्हणत.

आता तिन्हीसांजेला कोंबड्यांना घरी बोलवायची ज्या त्या गावाची आपली एक साद असते. सातकड्याची साद आखूड. "तीऽ ती ती ती." साळूच्या आईची साद लांब होती. "कुर्रऽऽ, ये गं माये, कुर्रऽऽ." शेवटाला ती वर चढायची, आणि ऐकणाऱ्याला उगीचच आपलं काहीतरी बाहेर राहिलंय असं वाटायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळी साळू खुराड्यापाशी उभी राहिली आणि तिच्या तोंडून आईची साद निघाली. कवडी धावत आली. बाकीच्या सहा फणसावर चढून बसल्या, आणि सकाळी त्यातली एक रानमांजराने नेलेली होती.

"काय गो," कोंडाबाई म्हणाली, "कोंबड्यांना बोलावत होतीस की कुणाच्या नावानं रडत होतीस? माझ्या कोंबड्यांना घाटावरचं कळत नाय."

"शिकेन इथलं, आत्याबाई."

"तू शिकशील तवर रानमांजर माझं खुराडं धुऊन नेईल. तू तोंड मीट. मीच बोलावते."

तेव्हापासून साद कोंडाबाईच घालायची आणि साळू दारात उभी राहून ऐकायची. कवडी आठ दिवसांत सासरची साद शिकली. साळूच्या गळ्यातून ती वर्षभरात निघाली नाही.

दुसऱ्या भादव्यात कवडी खुडूक झाली. कोंडाबाईने टोपलीत भाताचा पेंढा घालून अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. त्याच दिवसांत वर सड्यावर, कड्यांच्या माथ्यावरच्या सपाटीवर, नाचणीतलं तण बेणायला आलं होतं. हाती खुरपं धरता येईल असा प्रत्येक जण वर निघाला, गुरंही चरायला बरोबर घेतली.

"तू घरी ऱ्हा," कोंडाबाई सुनेला म्हणाली. "कवडीला मांजर लागू देऊ नको. एक अंडं जरी गार झालं ना, तर बघ."

धाकू जाता जाता मागे वळून म्हणाला, "भाकरी झाकून ठेव." आईसमोर नव्या नवऱ्याला याहून जास्त प्रेम करता येत नसे.

आणि दुपारी धुकं उतरलं.

धुकं सातकड्याला नवं नाही. पण हे निराळं होतं, असं म्हणतात. ते दुधासारखं ओतलं गेलं आणि साईसारखं धरून राहिलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. चुलीचा धूर बाहेर जाईना, तो घरातच कोपऱ्यात बसून राहिला. सात दिवस ते हललं नाही. वाडीतल्या एक काकू तीनच दिवस म्हणतात, पण त्यांना कुठलीच गोष्ट जास्त झालेली आवडत नाही.

वर गेलेलं कुणी परत येईना. खाली राहिलेल्या लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारे दारादारातून हाका मारू लागले, "ओऽऽ." सात कड्यांनी ती हाक सात बाजूंना परत केली. वरच्यांना सगळीकडूनच घर बोलवायला लागलं.

मग वरून धोंडा सुटल्याचा आवाज आला. त्यामागून एक घंटा, खाली खाली येणारी. मग घंटाही थांबली. साळूने ती ओळखली. धाकूच्या तांबड्या बैलाची होती.

"हाका बंद करा!" तानू म्हातारा ओरडला. त्याच्या तरण्या मुलीही वर होत्या. "हाकेमागं माणूस कड्यावरून जाईल. गप बसा सगळी!"

वाडी गप्प झाली. साळू तर आधीच गप्प होती. ती टोपलीपाशी बसली. भाकरी झाकलेली होती. तिला वाटलं, धुकं निवळेल तेव्हा वर कुणीच उरलेलं नसेल, आणि हे घर भरायला आपण, कवडी आणि अकरा अंडी, एवढेच असू.

बाहेर कोंबड्याही धुक्यात हरवल्या होत्या. त्यांना बोलवायला कोंडाबाई नव्हती. आणि गप्प राहा म्हणायलाही नव्हती. साळू उंबऱ्यावर उभी राहिली.

"कुर्रऽऽ, ये गं माये, कुर्रऽऽ."

"अगो, गप!" तानू म्हातारा धावत आला आणि अर्ध्या वाटेतच थांबला. कडे काही बोललेच नाहीत. सातांपैकी एकानेही ती साद परत केली नाही. कड्यांना वाडीतले सगळे आवाज पाठ होते, पण ही साद त्यांच्या ओळखीची नव्हती. वर्षभरात ती त्यांनी एकदाच ऐकली होती, तीही कोंडाबाईच्या शिव्यांमध्ये. म्हणून त्यांनी ती जाऊ दिली, असं म्हणतात. ती एका दारातून निघाली आणि सरळ वर गेली.

वर सड्यावर सगळे एकमेकांचे पदर आणि घोंगड्या धरून बसले होते. कोंडाबाईने मान वर केली.

"ही माझी सून," ती म्हणाली. "असं कोकलणारं दुसरं कोण हाय? ती तिकडं, म्हंजे माझं घर तिकडं. उठा."

"आणि ती थांबली तर गो आये?" धाकूने विचारलं.

"थांबायची नाय. आजवर मीच तिला थांबवलं होतं."

साळू थांबली नाही. शेजारणींनी तिला गरम पेज पाजली, ती दोन घोटांच्या मधेही साद घालायची. दिवस कुठला, रात्र कुठली, धुक्यात सगळं एकाच रंगाचं होतं. आधी कोंबड्या आल्या. मागच्या वर्षी रानमांजराने नेलेली होती ना, तीही आली, पंख झटकत, उशीर झाल्यासारखी. मग गुरं आली. त्यांच्यात तांबडा बैल होता, त्याची घंटा मात्र वाजत नव्हती. मग माणसं आली, एकामागे एक. वर अकरा जण गेले होते, खाली बारा आले. बारावा एक म्हातारा होता. पोरवयात मध काढायला गेला होता आणि हरवला होता. त्याने पाणी मागितलं आणि विचारलं, बहिणीचं लग्न झालं का. ती बहीण पणजी होऊन वारली होती. त्याला कुणी सांगितलं नाही, असं म्हणतात.

धाकू आला तेव्हा साळूचा आवाज सुतासारखा बारीक झाला होता. सगळ्यांच्या शेवटी कोंडाबाई आली. तिने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि ते सूत तुटलं.

"अंडी गार तर नाय झाली?" कोंडाबाईने विचारलं.

साळूने तोंड उघडलं. आवाज नव्हता. ती हसली आणि मान हलवून नाही म्हणाली. तिचा आवाज परत कधीच आला नाही. तो धुक्यातच राहिला, अजून कुणी यायचं असेल तर म्हणून.

धुकं निवळलं. त्या संध्याकाळी कोंडाबाई खुराड्यापाशी गेली. साळू सवयीने दारात उभी राहिली. कोंडाबाईने खाकरून घसा साफ केला, इकडे तिकडे कुणी बघत नाही ना पाहिलं आणि म्हणाली, "कुर्रऽऽ, ये गं माये." फार वाईट म्हणाली. शेवट वर जायच्या ऐवजी खाली गेला. साळूने हाताने दाखवलं, असा, वर. कोंडाबाईने पुन्हा म्हटलं.

मरेपर्यंत तिने दुसरी साद घातली नाही.

एकविसाव्या दिवशी कवडीची अकराच्या अकरा अंडी फुटली. पिलांनी कवचाच्या आत बसून ती परकी साद दिवसरात्र ऐकली होती. म्हणून सातकड्याच्या कोंबड्या आजही कुणाच्याही सादेला येतात, असं म्हणतात. बाहेरचे म्हणतात, तुमच्या कोंबड्यांना घर कुठलं ते कळत नाही. आम्ही वाद घालत नाही.

आजही वाडीत सून आली की पहिल्या तिन्हीसांजेला तिला खुराड्यापाशी नेतात. तिने माहेरची साद घालायची. सगळ्या बायकांनी गप्प राहायचं, सासूनेसुद्धा. वाडीत याला नवल म्हणतात. मग सासूने तीच साद मागून म्हणायची, चुकली तर सुनेने हाताने दाखवायचं. धुकं उतरलं की घराघरातून निरनिराळ्या सादा निघतात, आणि कडे अजून गोंधळतात.

गेल्या मार्गशीर्षात वाडीत एक सून आली. तिचा आवाज इतका लहान होता की मागच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, झालं का म्हणून. एकच कोंबडी आली, मान वाकडी करून. मग सासू पुढे झाली. वाडीभर ऐकू जाईल असा तिचा आवाज आहे. पण तिने ती साद जशीच्या तशी म्हटली, तेवढ्याच लहान आवाजात.

आणि उरलेल्या सगळ्या कोंबड्या आल्या.