ड्रमला हवी होती चकाकी

गाड्यांच्या भागांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. टेकडीवर राहणारे भालूकाका रविवारी अंगणात बसून आपली जुनी मोटारसायकल पॉलिशने घासत. टाकी चमकली, सायलेन्सर चमकला. ते बघून चाकातला ब्रेक-ड्रम हट्टाला पेटला. "काका, मलाही चमकवा. आतूनसुद्धा!"

ड्रमला आतून घट्ट धरून चाक थांबवायचं काम ब्रेक लायनरचं. तो वैतागला. "अरे बाबा, तू खरखरीत आहेस म्हणून मला धरता येतं. आत बघायला येणार कोण?"

"तुझं नेहमीचंच रडगाणं! माझ्यावर जळतोस तू."

"जळतोच की! रोज तुला घासून जळतो, तेव्हा कुठे गाडी थांबते."

काकांनी ड्रम आतून आरशासारखा केला, वर मेणाचा हातही फिरवला. संध्याकाळी काकूंना मागे बसवून ते उतारावर निघाले. पहिल्याच वळणावर म्हैस आडवी उभी. काकांनी ब्रेक दाबला. लायनरने जीव खाऊन ड्रमला मिठी मारली आणि तो घसरला. पुन्हा मारली, पुन्हा घसरला.

"अरे, पकड ना!" ड्रम ओरडला.

"कुठे पकडू? जिकडेतिकडे माझंच तोंड दिसतंय!"

काकांनी गाडी उकिरड्यात घातली. म्हैस वाचली, पण काकूंचा गुडघा फुटला.

दुसऱ्या दिवशी काका सँडपेपर घेऊन ड्रमचा आतला गुळगुळीतपणा खरवडायला बसले. ड्रम कळवळला. "लागतंय हो!"

"लागू दे," लायनर म्हणाला. "काल काकूंनाही लागलंच."