भर घातलेले नव्वद

"मग दर बरणीमागचे नऊ रुपये गेले कुठे, महाराज?"

केवलगिरी महाराज मध गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

भार्गव मठात येण्याआधी एका मोठ्या पेढीत हिशेबनीस होता. आपला आकडा कधी चुकला नाही, हे तो अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मठाचा मध फोनवरून शहरात विकायची कल्पनाही त्याचीच.

"बरणीमागे नऊशे हाती यायला हवेत. रानातून मध आणणाऱ्यांना तेवढे कबूल केलेत. पैसे वसूल करून देणारी कंपनी शेकडा दहा कापते. नऊशेवर नव्वद. ते मी वर चढवले, नऊशे नव्वदला बरणी विकली. तरी येतात आठशे एक्याण्णव!"

"म्हणून गेनूला चोर म्हणालास?"



बँकेतून पैसे काढून आणायचा तो गेनूच. त्या दिवसापासून तो मठाकडे फिरकला नव्हता.

महाराजांनी मधाची वाटी बरणीत उपडी केली. "सगळा गेला?"

"नाही. थोडा वाटीला चिकटला."

"मग भर घाल."

भार्गवने पळीभर मध घेतला, बरणीत सोडला आणि पळी खाली ठेवायला गेला.

महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

पळीलाही मध चिकटला होता.

भार्गव पळीकडे बघत राहिला…

"नव्वदातूनही कापतात," तो हळूच म्हणाला. "मी भर म्हणून घातलेल्या नव्वदातूनही! नऊशे नव्वदाचे दहा टक्के… नव्याण्णव."

"दहातले नऊ भाग आपले. नऊ भागांचे नऊशे. मग दहा भागांचे?"

"हजार." त्याने पळी खाली ठेवली. "हजारातले शंभर गेले, की बरोबर नऊशे. गेनूने एका पैशालाही हात लावला नव्हता."



भार्गव उठला. त्याने हात धुतले, खांद्यावर पंचा टाकला.

"त्याच्या घरी जातो, महाराज. जेवढं बोललो, तेवढी माफी मागून येतो."

महाराजांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. "जा. त्याचंही पान मांडायला सांगतो."

भार्गव दारापर्यंत पोचला, तेवढ्यात मागून हाक आली.

"भार्गव…"

"जी?"

"तेवढीच माफी नेलीस, तर पोचेपर्यंत कमी पडेल."