खरी सासूबाई कोणती?

"उद्यापासून मालिकेतली सासूबाई कॉम्प्युटरमधली. ती चहा मागत नाही, गुडघे दुखतात म्हणत नाही." निर्माते जगदाळेसाहेबांनी सगळ्यांना सेटवर जमवून सांगितलं.

नऊ वर्षं सासूबाई झालेल्या मालतीबाई मेकअपच्या खोलीत हे ऐकत होत्या. या वयात दुसरं काम कोण देणार?

"यंत्राला बाईंची सर यायची नाही, साहेब," चांगुणा म्हणाली. जेवणाच्या प्रसंगांसाठी रांधून ताटं वाढणं तिच्याकडे होतं.

"असं? मग लागली पैज!"

साहेबांनी दोन पडदे लावले. दोन्हींवर सासूबाई भाकरी आणि भरली वांगी घेऊन बसलेल्या. तेच लुगडं, तीच नथ, सुनेला तोच टोमणा.

"एक खरी, एक कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेली. खरी ओळखलीत तर मालतीबाई राहतील."

दिग्दर्शकाने डोळे पाहिले आणि डावी म्हणाला. संकलकाने सावल्या पाहिल्या आणि उजवी म्हणाला. मेकअपवाल्याने सुरकुत्या न्याहाळल्या आणि दोन्ही खऱ्या म्हणाला.

तिघांची तीन मतं, साहेब खूश. "चांगुणाबाई, तुमचं काय? हरलात तर?"

"तर कॉम्प्युटरला ताट वाढीन."

तिने चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. ताटं तेवढी पाहिली.

"डावीकडची खरी."

साहेबांचं हसू मावळलं. "कशावरून?"

"उजवीकडची जेवली, साहेब. ताट चाटूनपुसून लख्ख."

"मग?"

"नऊ वर्षांत माझं वांगं एकाही नटानं गिळलेलं नाही. एका प्रसंगाचे अकरा टेक. पहिल्यालाच पोट भरलं तर अकराव्याला काय खाणार? म्हणून घास तोंडापाशी न्यायचा, टोमणा मारायचा, घास पुन्हा ताटात. डावीकडच्या बाई तेच करतायत. तुम्ही सगळे यंत्रात खोट शोधत बसलात. खोट आमच्या बाईंत आहे!"

"मीच तिला चवीनं जेव म्हणालो होतो," उजवीकडची घडवणारा कॉम्प्युटरवाला पुटपुटला.

साहेब इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. मालतीबाईही दारात येऊन पदराआड हसत होत्या.

"बाई, तुम्ही राहिलात," साहेब म्हणाले. "आणि चांगुणाबाई, यापुढे जेवणाच्या प्रसंगाला 'कट' म्हणायचा मान तुमचा. बाईंचं पोट भरेपर्यंत म्हणायचं नाही. चला, वाढा!"