रापणीतला आत्मारामचा तुकडा

"माझो तुकडो मी काढून घेतलंय, तर त्यात कोणाचां काय गेलां, बुवा?"

आत्माराम मेतर मठाच्या पायरीशी उभा राहून मठातल्या बुवांना विचारत होता. माझं घर मठाला लागूनच. मी कुंपणाच्या वईपलीकडे सुकट उलथत होते, तेव्हा ऐकू येणारच.

आमच्या गावची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, कुणा एकाची नाही. प्रत्येक घराने आपला तुकडा द्यायचा, सगळे तुकडे जोडायचे, मिळून ओढायचं. येईल त्या मासळीचे वाटे करायचे. म्हातारा असो, आजारी असो, वाटा चुकत नाही. गावातल्या चुली त्यावरच पेटतात.

आणि आत्मारामने सकाळीच मधला आपला तुकडा उसवून नेला होता. समोर बांगडा किनाऱ्याला लागलेला, जाळ्याला हे भगदाड, आणि अख्खं गाव वाळूत हात चोळत.

"मासो सगळो माझ्याच तुकड्यात गावता," आत्माराम म्हणाला. "माझो नवोकोरो. यशोदावयनीचो बघा. जाळां कमी, गाठी जास्त. आणि वाटो सारखो?"

बुवा पायरीवर बसून समुद्राकडे बघत होते.

"तुम्ही माझे गुरू. तुम्हीच सांगा."

बुवांनी गुडघे चोळले. धोतर वर खोचलं.

"चल. एक टोक मी धरतंय."

आत्मारामची छाती फुगली. मी सुकट कावळ्यांच्या हवाली केली नि मागोमाग गेले.

दोघे कमरेएवढ्या पाण्यात उतरले. तुकडा ताणून धरला. बांगडे आले, चकचकीत, जाळ्याशी येऊन थबकले. मग अर्धे आत्मारामच्या बगलेने गेले, अर्धे बुवांच्या.

"गेले," आत्माराम म्हणाला. "बाजूसून गेले."

"तुझो तुकडो नवो म्हणान त्यांका सांगलंस नाय?"

काठावर कुणीतरी फिसकन हसलं.

"आत्मारामा," यशोदावहिनींनी वाळूतून विचारलं, "तुझ्या बायलेक धाडू? एका बाजूक ती उभी रवतली."

"माका खंय धाडतास?" त्याची बायको तिथेच बसली होती. "माझो वाटो रापणीत आसा."

आत्मारामने पुन्हा तुकडा ताणला. पुन्हा बांगडे आले, पुन्हा वळसा घालून गेले. एक तर त्याच्या पोटरीला घासून गेला.

त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. यशोदावहिनी भगदाडाच्या कडेला बसल्या होत्या. जाळं विणायची सुई हातात, दोरा ओवलेला. हाक मात्र कुणी मारली नाही...

"बुवा, असां किती वेळ धरून उभो रवू?"

बुवांनी आपलं टोक त्याच्या दुसऱ्या हातात दिलं आणि धोतर पिळत काठाकडे निघाले.

"आता दोनय टोकां तुझी. वाटो कोणाक देवक नको."