कवडी फिरवण्याआधी

सड्यावरच्या एका गावात सिदोजीअप्पा नावाचा एक म्हातारा राहत होता. सडा म्हणजे नुसता कातळ. चैत्रात तिथे देवीचा उत्सव यायचा, आणि नेमकं तेव्हाच गावात औषधालाही फूल मिळायचं नाही. म्हणून देवीला कागदाचं कमळ वाहायची रीत पडली होती. एका घराचं एक कमळ. त्याला कात्री लावायची नाही, खळ लावायची नाही, नुसत्या घड्या घालून ते उमलवायचं. ज्या घराचं कमळ उमलणार नाही, त्या घरात वर्षभर मंगलकार्य करायचं नाही, असं गाव मानायचं. आता देवी बिचारी असल्या भानगडीत कशाला पडेल? पण गाव मानायचं, आणि गावापुढे बोलणार कोण!

कागद खालच्या खोऱ्यातून यायचा. घरटी एकच चौकोनी ताव. फसला तर दुसरा नाही.

उत्सवाच्या सकाळी सगळं गाव देवळाच्या अंगणात ओळीने बसायचं. समोर पाटावर सिदोजीअप्पा. अप्पा एक घडी घालणार, की गाव एक घडी घालणार. चारी कोपरे मध्यावर आणायचे, असं तीनदा. मग कागद पालथा घालून चौथ्यांदा. त्यानंतर कडांवरून कवडी फिरवून घडी घोटायची, आणि खालून एकेक पाकळी वर ओढायची. बारा पाकळ्यांचं कमळ हातात फुलायचं. फक्त एक होतं. कवडी फिरली की संपलं. घोटलेली घडी सोडवायला गेलं की कागद तिथेच तडकायचा.

चाळीस वर्षं अप्पांचा हात चुकला नव्हता आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. त्यांचा एक नियमही होता : घातलेली घडी सोडवायची नाही. पारू कुंभारीण या गावात नवी नवरी म्हणून आली, त्या साली तिने बिचकत एक घडी सोडवून पुन्हा घातली होती. अप्पांनी भर अंगणात तिला ओळीतून उठवलं होतं. "ज्याला घडीचा भरवसा नाही, त्याने माझ्यासमोर बसू नये!" पोर रडत घरी गेली. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली.

यंदा तीच पारू पहिल्या ओळीत येऊन बसली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. आठ दिवसांवर हळद होती.

"अप्पा, आज माझं कमळ उमललंच पाहिजे हो," ती म्हणाली. "रात्रभर डोळा नाही लागला."

"माझ्या हाताकडे बघ आणि घाल."

"तुमच्या हातावरच सोडलंय सगळं."

अप्पा हसले. त्यांना असं कुणी म्हटलेलं आवडायचं.

यंदा सुभेदारही उत्सव बघायला आले होते. पहिली घडी झाली, दुसरी झाली. तेवढ्यात सुभेदारांनी विचारलं, "अप्पा, चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाहीत म्हणे. खरं का?"

"एकदाही नाही, सरकार!" मान ताठ करून अप्पा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांच्या हातांनी कागद पालथा घातला.

एक घडी आधीच! पण अप्पांचं लक्ष सुभेदारांच्या मिशीकडे. त्यांनी उलट्या अंगाला तिसरी घडी घातली. अंगणात शंभर कागद पालथे झाले, शंभर घड्या पडल्या. पारूचा हात तेवढा क्षणभर थबकला. तिने कागदाकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने घडी घातली.

"आता पालथा घाला. चौथी!" अप्पा म्हणाले.

चौथी घडी दाबताना त्यांच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. त्यांनी खालून अंगठा फिरवला. खाली पाकळ्या नव्हत्या. पाकळ्या आत कोंडल्या गेल्या होत्या.

हे कमळ उमलणार नव्हतं. त्यांचं नाही, आणि त्यांच्याकडे बघून घातलेलं अंगणातलं एकही नाही.

आता काय करायचं? बोलायचं? सुभेदारांना आत्ताच तर सांगितलं, एकदाही नाही म्हणून! लोक काय म्हणतील? अप्पा म्हातारा झाला, हात गेला, उद्यापासून पाट दुसऱ्याला द्या. आणि घड्या सोडवायला सांगायच्या तरी कोणत्या तोंडाने?

"सावकाश होऊ द्या, घाई नाही," ते मोठ्याने म्हणाले.

मागच्या ओळी अजून चौथ्या घडीशी झटत होत्या. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं मांडीवर ओढलं. त्याखाली त्यांची बोटं चालू लागली. चौथी घडी सोडवली. तिसरी सोडवली. तिसरी सरळ अंगाला घातली, पालथा घालून चौथी घातली. एवढंसं काम, पण घामाने कपाळ निथळलं. कागद ओला झाला तर? सुभेदारांनी वाकून पाहिलं तर? कुणी पाहिलं नाही. अप्पांच्या हातात आता बिनचूक कमळ होतं.

सुटलो, असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं. नाहीतरी दरवर्षी चार-दोघांची कमळं फसतातच. यंदा जास्त फसली, असं म्हणतील. आपल्याच हाताला दोष देतील आणि गप्प घरी जातील.

त्यांनी मान वर केली. ओळीच्या ओळी त्यांच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. पुढची घडी सांगाल तशी घालू, असे सगळे चेहरे. लोक कनवटीच्या कवड्या काढत होते. पुढ्यातच पारू बसली होती. तिने तर कवडी हातात घेतलीही होती. ओठ घट्ट मिटलेले, आणि कवडी कागदाच्या कडेवर.

आता बोललं नाही तर कधीच नाही, हे अप्पांना कळत होतं. पण तोंड उघडेना. एक श्वास गेला. दुसरा गेला. पारूचा हात हलला.

"थांबा!" अप्पा ओरडले. "कवड्या खाली ठेवा! घडी चुकली आहे!"

कडांवर टेकलेल्या कवड्या जागीच थांबल्या.

"कुणाची?" मागून कुणीतरी घाबरून विचारलं.

"माझी. कागद मी आधीच पालथा घातला. तुम्ही माझ्याकडे बघून घातलात. माझी घडी मी मघाशीच सोडवली, उपरण्याखाली. तुम्हाला सांगितलं नाही. लाज वाटली मला."

सुभेदारांनी भुवया चढवल्या. अप्पांनी तिकडे पाहिलंच नाही.

"पण घडी सोडवायची नाही ना, अप्पा?" एक बाई म्हणाली.

"सोडवायची! मूर्खासारखा नियम केला होता मी. चला, आधी चौथी सोडवा, मग तिसरी. नखाने उचकटू नका. घडीवर तोंडाची वाफ सोडा आणि अंगठ्याने हळू उलटवा."

अप्पा पाटावरून उठले आणि ओळींतून फिरू लागले. कुठे स्वतः घडी सोडवून देत होते, कुठे कुणाला धीर देत होते. एकेक कागद मोकळा झाला, पुन्हा घडला. फिरत फिरत ते पारूपाशी आले. ती कागद मांडीवर धरून नुसती बसली होती.

अप्पा ओरडले तोवर तिने दोन कडा घोटल्या होत्या. घडी सोडवताना कागद मधोमध तडकला होता.

"मला मघाशीच वाटलं होतं, काहीतरी चुकतंय," पारू म्हणाली. "पण म्हटलं, अप्पांचा हात कसा चुकेल?"

"मग सोडवली का नाहीस गं?"

"मागं एकदा सोडवली होती ना."

घडी चुकली तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर हा कागद वाचला असता. दोन श्वास आधी बोलले असते, तरी वाचला असता.

ते पाटापाशी गेले, आपलं कमळ उचललं आणि पारूच्या ओंजळीत ठेवलं. तिचा तडकलेला कागद उचलून त्यांनी आपल्या कनवटीला लावला.

"हे तुमच्या घराचं हो, अप्पा," ती घाबरून म्हणाली. "पहिलं कमळ वाहायचा मान तुमचा."

"कमळ ज्याच्याकडे, मान त्याचा. घे, कवडी फिरव. आता मी बघतो तुझ्या हाताकडे."

पारूने कवडी फिरवली. कवडी दोनदा हातातून निसटली. मग तिने खालून पहिली पाकळी ओढली. दुसरी ओढली. बारावी पाकळी वर आली तेव्हा ती रडत होती, आणि तिच्यामागे सगळ्या अंगणात कमळं उमलत होती.

त्या साली देवीला पहिलं कमळ पारू कुंभारणीने वाहिलं. सिदोजीअप्पा सगळ्यांत मागे, रिकाम्या हातांनी उभे होते. आठ दिवसांनी ते लग्नाला गेले आणि पोटभर जेवले.

पुढच्या चैत्रात गावाने त्यांनाच पाटावर बसवलं. अप्पांनी पहिली घडी घातली, सगळ्यांना दाखवली आणि लगेच सोडवली. "चुकली, तर अशी सोडवायची," ते म्हणाले. "आणि माझी चुकलेली दिसली, तर ओरडून सांगायचं. पारू, तू पुढे बस."

तात्पर्य: ज्याच्याकडे बघून चारजण चालतात, त्याने आपली चूक गुपचूप स्वतःपुरती सुधारून भागत नाही, ती कळताक्षणी सगळ्यांना सांगावी, कारण उशिरा दिलेल्या कबुलीची किंमत विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.