उंच भट्टीची आच

त्या राज्यात सगळी प्रजा मातीची होती आणि दरवर्षी जमिनीतून ओल चढायची. भाजलेल्यांना ओलीचं काही वाटत नसे. बुडाला जरा गार लागायचं, एवढंच. पण जे कच्चं राहिलं ते खालून मऊ पडायचं, एका अंगाला कलायचं, आणि सकाळी त्या जागी चिखलाचा गोळा सापडायचा. त्या घरात मग बरेच दिवस कुणी मोठ्याने बोलत नसे. म्हणून लेकरू जन्माला आलं की आईबापाच्या जिवाला एकच घोर लागायचा, की याला भाजायचं कुठं.

पूर्वी असा घोर नव्हता. गल्लीच्या टोकाला आवा होता. गोवऱ्या, भुसा, पाचट, ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं, सगळ्यांची पोरं एकत्र रचायची आणि पेटवून द्यायचं. बाहेर येताना कुणाच्या खांद्यावर काळा डाग पडलेला असे, कुणाचा काठ वाकडा झालेला असे, पण पाणी सगळीच धरायची. आवा अजूनही होता आणि अजूनही पेटायचा. फक्त आता तिथं पोर घालणाऱ्याकडे लोक असे बघत, की त्याने ते उकिरड्यावरच नेऊन ठेवलंय.

आता नाव होतं टेकडीवरच्या उंच भट्टीचं. चिरेबंदी बांधणी, वरून चुना, आणि सगळ्या राज्यातून दिसेल असं धुराडं. तिथून बाहेर पडलेलं भांडं टण्ण वाजतं, अशी तिची ख्याती. त्या धुराड्यातून धूर निघालेला मात्र कुणी पाहिला नव्हता. एखाद्याने विचारलंच, तर जाणती मंडळी सांगत की उत्तम आचेला धूर नसतो. विचारणारा ओशाळायचा. आचेतलं आपल्याला काय कळतं, बाबा!

गल्लीत सुगडी नावाची एक बाई राहायची. लहानशी, गोल, गळ्याशी पांढऱ्या रेघा. तीही गल्लीच्याच आव्यातली. खांद्यावर एक काळा डाग होता, तो ती रोज गेरू लावून झाकायची. तिचा नवरा डेरा, पोटाने मोठा आणि बोलण्याने कमी. त्यांना एकच मुलगी. मऊ मातीची, खांद्यावर अभ्रकाचा एक चमकता कण, म्हणून नाव ठिपकी. तिला दोघांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. पाऊल वाजलं तरी सुगडी तिला उचलून फळीवर ठेवायची.

त्या राज्यातली खरी अडचण होती छापाची. पोर मऊ आहे तोवर त्याच्या बुडावर एका भट्टीचा छाप उठवावा लागे. त्याला पहिली पसंती म्हणत. उंच भट्टीचा छाप सूर्याचा, नदीकाठच्या भट्टीचा माशाचा. भट्टीवर गेलं की पोराला आधी उलटं करत आणि बूड बघत. दुसऱ्याचा छाप दिसला की दार बंद. म्हणजे उंच भट्टीचा सूर्य उठवला आणि तिने घेतलं नाही, तर नदीकाठची भट्टीही विचारायची नाही. मग उरायचा गल्लीचा आवा. तिथं कुणी बूड बघत नसे, पण तिथं कुणाला जायचंच नव्हतं.

छाप खरवडून बदलायचे काही लोक. पलीकडच्या आळीतल्या एका घराने आधी सूर्य उठवला, मग घाबरून तो घासला आणि मासा उठवला, मग कुणी काही बोललं म्हणून पुन्हा सूर्य. बूड इतकं पातळ झालं, की भट्टीवर न्यायला पोर उचललं तर बूड पाटावरच राहिलं. ही गोष्ट सुगडीने ऐकली आणि तिने धसकाच घेतला. एकदाच उठवायचा, तो चुकता कामा नये, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

डेऱ्याला नदीकाठची भट्टी बरी वाटत होती. आच मध्यम, पण सगळीकडून सारखी, आणि पोरगी घेतील याची खात्री. सुगडीला ते पटायचं. मग ती पाण्याला जायची, तिथं चारचौघी उंच भट्टीचं बोलायच्या, आणि घरी येईपर्यंत तिचं मन फिरलेलं असायचं. नदीकाठी घातली आणि पुढं ओल जास्त चढली तर? मध्यम आच पुरली नाही तर? डेरा म्हणायचा, आपण दोघं आव्यातले, आपल्याला काय झालं?  पण भीतीला असलं बोलणं कुठं पटतं? ओल तुमच्या वेळची राहिली नाही आता, असं ती म्हणायची आणि खांद्यावरचा गेरू सारखा करायची.

शेवटी एका सकाळी तिने डोळे मिटून ठिपकीच्या बुडावर सूर्य दाबला. पोरगी गुदगुल्या झाल्यासारखी हसली. 

आणि त्याच दुपारी बरणीवहिनी आल्या. बरणीवहिनी म्हणजे शेजारच्या, अंगावर चकाकी, डोक्यावर कायम झाकण. त्यांचा थोरला गेल्या वर्षी उंच भट्टीत लागला होता, अजून आतच होता, आणि तेव्हापासून त्या चालताना जरा वाजायच्या. त्यांनी ठिपकीला बोटाने टिचकी मारून पाहिली. ठप्प असा आवाज आला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अगं सुगडे, अशी कच्चीच नेणार आहेस की काय तिला? तिथं दारात थापीने वाजवून बघतात. जी टण्ण वाजतात, तीच आत घेतात."

सुगडी गोंधळली. कच्ची माती टण्ण कशी वाजेल, भाजायलाच तर नेतोय ना, असं तिने विचारलं. बरणीवहिनी हसल्या. वेडी गं वेडी, सगळ्यांच्या घरी चुली कशाला पेटल्यात मग, असं म्हणून त्या निघून गेल्या.

तेव्हा कुठं सुगडीच्या लक्षात आलं. रोज तिन्हीसांजेला गल्लीतल्या घरोघरी खिडक्या लागायच्या आणि छपरांमधून धूर निघायचा. विचारलं तर जो तो सांगे, पाहुणे यायचेत, पुरण शिजतंय. सगळ्या गल्लीला रोज पाहुणे, आणि पाहुणा एकही दिसायचा नाही! सुगडीचं धाबं दणाणलं. बाकीची पोरं किती पुढं गेली असतील, या एकाच विचाराने तिला घास जाईना.

डेरा पहिल्यांदाच चिडला. चुलीची आच एका अंगाला लागते, त्याने पोरगी तडकेल, असं त्याने स्वच्छ सांगितलं. सुगडी रडली. न वाजणारी पोरगी घेऊन टेकडी चढायची आणि तशीच उतरायची, वर ओल दारात आलेली, मग काय करायचं, असं तिने विचारलं. डेऱ्यालाही त्या चिखलाच्या गोळ्यांची आठवण होती. त्याने मुकाट्याने खिडकी लावली आणि गोवऱ्या आणून दिल्या.

पहिल्या दिवशी नुसती ऊब दिली. ठिपकी खुशीत होती. मग आच वाढत गेली. सुगडी तिला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फिरवायची आणि दर वेळी टिचकी मारून कान लावायची. ठप्पचं ठक्क झालं. ठक्क झालं तसा तिचा धीर वाढला आणि तिने भुसा जास्त घातला. ठिपकीला आता चुलीचं नाव काढलं तरी कापरं भरायचं. "आई, आज नको ना गं," ती म्हणायची. सुगडी तिच्या गालावरून हात फिरवायची, थोडंच राहिलंय म्हणायची, आणि तिला आत ठेवायची. 

एका संध्याकाळी चुलीत बारीकसा आवाज झाला. चट्, इतकाच.  सुगडीने ठिपकीला ओढून बाहेर काढलं. अभ्रकाच्या कणापासून खाली पोटापर्यंत केसाएवढी एक रेघ गेली होती.

डेऱ्याने ती रेघ पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसला. छाप आता खरवडण्यापलीकडे गेला होता. माती कडक झाली होती, पण पुरती भाजली नव्हती. गल्लीच्या आव्यात घालावी म्हटलं, तर मोठ्या आचेत ती रेघ उकलणार आणि पोरीचे दोन तुकडे होणार. न घालावी तर ओल आहेच.

"सुगडे," तो हळू म्हणाला, "आता हिला कुठलीच खरी आच सोसायची नाही."

 सुगडी उठली आणि देवळीतून मेण घेऊन आली. बोटावर मऊ करून तिने ते रेघेत भरलं, वर गेरूचा हात फिरवला, जसा ती स्वतःच्या डागावर फिरवायची तसाच. मग कान लावून टिचकी मारली. ठिपकी टण्ण वाजली. इतके दिवस ज्या आवाजासाठी जीव टांगणीला लावला होता, तो आवाज आला आणि सुगडीला ढसाढसा रडू आलं.

न्यायचा दिवस उजाडला. टेकडीच्या वाटेवर घरंच्या घरं चालली होती. सगळ्यांच्या पोरांवर ताजा गेरू होता आणि कुणी कुणाच्या पोराकडे निरखून बघत नव्हतं. उंच भट्टीच्या दारात झाकणराव बसलेले. रुंद, चपटे, हातात लाकडी थापी. त्यांनी ठिपकीला उलटं केलं, सूर्य पाहिला, सरळ केलं आणि खांद्यावर थापी मारली.

टण्ण.

झाकणरावांनी मान हलवली. घेतली! मागच्या रांगेतून एक हेव्याचा सुस्कारा आला.  आत्तापर्यंत सुगडीला घेणार नाहीत याची भीती होती. आता घेतलं, म्हणजे आता आच. राज्यातली सगळ्यात मोठी आच, आणि पोरीच्या पोटात चिमूटभर मेण. वितळायला कितीसा वेळ लागणार! तिला वाटलं ओरडून सांगावं, हिला तडा गेलाय, परत द्या. पण परत घेऊन जायचं कुठं? घरी? ओलीवर?

त्या भट्टीचा एक रिवाज होता. उंबऱ्यापाशी पोर ठेवायचं, नमस्कार करायचा आणि मान खाली घालून मागे फिरायचं. आत पाहायचं नाही. इतक्या पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं, कारण इतक्या कष्टाने मिळालेली जागा एका नजरेपायी कोण घालवील? सुगडीने ठिपकीला ठेवलं, नमस्कारही केला, पण तिला मागे फिरता येईना. झाकणराव पुढच्या पोराचं बूड बघत होते, तेवढ्यात तिने जीव मुठीत धरून दाराच्या फटीतून हात आत घातला. आच किती आहे, एवढंच तिला बघायचं होतं. हात भाजला तर पोर उचलून पळायचं, मग पुढं काय व्हायचं ते होवो.

हात भाजला नाही. तिने तो खांद्यापर्यंत आत घातला. मग डोकंही घातलं.

आत फळ्याच फळ्या होत्या आणि फळ्यांवर ओळीने पोरं बसली होती, तुकतुकीत, गप्प. दाराजवळच्या फळीवर बरणीवहिनींचा थोरला होता. उजेड त्याच्या पाठीवर तिरपा पडला आणि तिथं मेणाची एक लांब रेघ चमकली. त्याच्या शेजारच्या पोराच्या काठावर चमकली. पलीकडच्याच्या बुडाशी चमकली. खाली चुलाणाचं तोंड उघडं होतं. त्यात राख नव्हती, काजळी नव्हती. कोळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं विणलं होतं, जुनं, धुळीने जड झालेलं.

ठिपकीला भट्टीच्या एका गड्याने वर न बघताच आत घेतलं आणि खालच्या फळीवर ठेवलं. ती आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "इथं थंडी वाजते गं."

सुगडीच्या छातीवरचं मणामणाचं ओझं उतरलं. मेण वितळणार नव्हतं. पोरगी वाचली होती, निदान ओल चढेपर्यंत. तिने ओठांवर बोट ठेवून लेकीला गप्प राहायची खूण केली आणि दारातून मान बाहेर काढली.

रांगेत पुढची बाई उभी होती. नवखी, पदराआड कच्च्यापक्क्या पोराला धरून. तिने सुगडीचा हात घट्ट धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, की आत कसं आहे हो.

सुगडीने कपाळ पुसलं. कपाळ कोरडंच होतं.

"काय सांगू बाई, उभं राहवत नाही," ती म्हणाली, "इतकी आच आहे."

ती बाई कौतुकाने भट्टीकडे बघत राहिली. सुगडी टेकडी उतरू लागली.  तिन्हीसांज होत होती. खाली गल्लोगल्ली खिडक्या लागत होत्या आणि एकूण एक छपरातून धूर चढत होता. वाटेत तिने एकदाच मागे वळून पाहिलं. सगळ्यांच्या वर ते पांढरं धुराडं उभं होतं, आणि त्याच्या तोंडाशी एक कावळी काड्यांच्या घरट्यात अंडी उबवत बसली होती.