वनदेवीच्या मुठीतला शब्द

एका राज्यात सगळं होतं, फक्त एक शब्द नव्हता. वैद्य काढे उकळत, पुड्या बांधत, पण त्या साऱ्याला मिळून म्हणायचं काय, ते कुणालाच आठवेना. नावासंगे गुणही गेला. काढा घशाखाली उतरेतो त्याचं निव्वळ पाणी होई!

करणी वनदेवीची. मुळी खणण्याआधी झाडाला अक्षत वाहून आमंत्रण द्यायचं, ही तिथली जुनी रीत. राजा शूरसेन एकदा घाईत म्हणाला, "पाल्यापाचोळ्याला कसलं आमंत्रण? उपटा!" झालं, देवी कोपली आणि तिने तो शब्दच मुठीत घेतला.

आता राजकन्या मंजिरी तापाने फणफणली. वैद्यांनी हात टेकले. राणी हेमांगीचं काळीज तुटत होतं, पण रडत बसणारी ती नव्हे. "चूक तुमची, लेक दोघांची. चला!" म्हणत तिने राजाला रानात नेलं.

वडाखाली देवी बसली होती, खांद्यावर भारद्वाज पक्षी. पक्षी बोलला, "शब्द कुणाच्या घरचा, त्याच्या पोटात काय, नि तो परत येईल कसा, एवढं सांगा. मूठ उघडेल."

राणीने एका फळून वाळलेल्या रोपाला विचारलं, "बाई, तू कोण?"

"मी ओषधी. फळले की वाळते. तो शब्द माझ्याच घरचा."

राणीने तिचं बी तळहातावर घेतलं. ते कोमट लागलं.

"ओष म्हणजे ऊब," रोप म्हणालं. "उन्हाची ऊब पोटात धरते, ती मी."

तिसरं उत्तर राणीला ठाऊकच होतं. ओटीतले तांदूळ तिने कुंकवात घोळले नि राजाच्या ओंजळीत घातले. "द्या आमंत्रण!"

राजा ओशाळला. मुकुट काढून तो रोपारोपापुढे वाकू लागला. "आमच्या लेकीसाठी यायचं हं, सहकुटुंब सहपरिवार!"

भारद्वाज हसून लोटपोट झाला. देवीलाही हसू आवरेना, आणि हसता हसता तिची मूठ उघडली.

रानातली मुळी महालात आली. काढा उकळला. राणीने वाटी मंजिरीच्या ओठांना लावली. एक घोट गेला आणि पोरीने तोंड वेंगाडलं.

"ईऽ! आईसाहेब, औषध किती कडू!"

राणी हसली, रडली, पुन्हा हसली. वैद्य तर नाचलेच. सांजेला ताप उतरला.

आजही तिथे रानाला पहिली अक्षत राजाच देतो. ती रानची ऊब तुमच्याही घरी नांदो!